शब्दांची भावकी आणि आमची मावशी

आमच्या थोरल्या मावशीला कामाच्या ठिकाणी सगळे ‘प्रोंतो’ म्हणत. मागून नव्हे, चांगलं तोंडावर म्हणत, आणि ती ‘ओ’ देई. हे नाव पडलं तेव्हा ती जेमतेम विशीची होती आणि ट्रंक टेलिफोन एक्सचेंजमध्ये नुकतीच चिकटली होती.

एक्सचेंजची खोली लांबट होती. भिंतीला लागून उंच बोर्डांची रांग, बोर्डांवर भोकंच भोकं, समोर कॉर्डच्या जोड्या. मुली उंच खुर्च्यांवर बसत, कानाला हेडफोन, पाय टेकायला खाली लाकडी दांडा. कुणी परदेशी कॉल लावला की बोर्डावर दिवा लागायचा. मग कॉर्ड भोकात खुपसायची, पलीकडच्या शहरातल्या ऑपरेटरला हाक मारायची, दोन टोकं जुळवून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. मागून देखरेखीवरच्या मोठ्या बाई रबरी तळव्यांच्या चपला घालून फिरत. त्या आल्याचं कळत नसे, पण मान आपोआप ताठ होई. त्यांचा एकच नियम होता. “लाइनीवर कान द्यायचा तो जोडण्यापुरता. तोंड घालायचं नाही.”

पहिल्याच आठवड्यात मावशीच्या वाट्याला एक कॉल आला. एका टोकाला इटलीतली ऑपरेटर, दुसऱ्या टोकाला स्पेनमधली, आणि मध्ये आमची मावशी. इटलीची बाई म्हणाली, “प्रोंतो!” स्पेनची बाई गप्प बसली. इटलीची पुन्हा, जरा चढ्या आवाजात, “प्रोंतो! प्रोंतो!” स्पेनची तडकून काहीतरी बोलली. मग दोघींची जुंपली. मावशीला दोघींचंही ओ की ठो कळेना. एका कानात एक भांडण, दुसऱ्या कानात दुसरं, आणि गिऱ्हाईक तिकडे ताटकळलेलं. शेवटी तिचा धीर सुटला आणि तीच जीव खाऊन ओरडली, “प्रोंतो!”

क्षणभर दोन्ही देश गप्प झाले. मागची खोली मात्र हसून हसून लोटपोट झाली.

शेजारच्या खुर्चीवरच्या जुन्या ऑपरेटरबाईंनी नंतर समजावलं. इटलीत फोन उचलला की ‘प्रोंतो’ म्हणतात. म्हणजे तयार आहे, बोला. स्पेनमध्ये तोच शब्द म्हणजे ‘लवकरच’. इटलीची म्हणत होती, मी तयार आहे. स्पेनचीला ऐकू येत होतं, होईल हो लवकरच. म्हणून ती बिचारी थांबली, आणि मग किती वेळ लवकरच-लवकरच करतेस म्हणून चिडली.

“पण मग खरं काय?” मावशीनं विचारलं.

“खरं काय म्हणजे? दोन्ही खरं. मूळ एकच आहे म्हणतात.”

दुसरी कुणी असती तर तिथेच सोडून देती. मावशी सुट्टीच्या दिवशी सार्वजनिक वाचनालयात गेली आणि जाडजूड शब्दकोश मागून बसली. मूळ लॅटिन निघालं. अर्थ काय, तर बाहेर काढून हाताशी ठेवलेलं. हाताशी आहे म्हणजे तयार आहे, आणि तयारच आहे म्हणजे लवकरच होईल. एका घरातून दोन भाऊ निघाले, एक इकडे स्थिरावला, एक तिकडे. त्या दिवशी घरी येताना आपण रस्ता कसा ओलांडला हेही कळलं नाही, असं ती सांगते. काका तेव्हा ट्रामचे ड्रायव्हर होते. दोघांचं लग्न ठरत आलं होतं. तिनं हे सगळं मोठ्या उत्साहानं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “हात्तिच्या! मी ‘आलोच’ म्हणतो, तसंच की.”

“तुमचं ‘आलोच’ जगातल्या कुठल्याच भाषेत बसत नाही,” मावशी म्हणाली. त्या दिवशीसुद्धा ते बराच उशिरा आले होते.

लग्नानंतर दोघं सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला गेले. खालून दिवसभर चाकांना हवा भरल्याचा फुसफुस आवाज. मावशी जुन्या बाजारातून शब्दकोश आणू लागली. पाठीचा कणा मोडलेले, पानं सुटलेले, कुणाचं तरी नाव खोडलेले. काकांनी दारावर फळी ठोकून दिली, ती भरली. खिडकीवर ठोकली, तीही भरली. “आता माझ्या डोक्यावर एक ठोकतो,” ते म्हणत, आणि पुढच्या सुट्टीत मुकाट्यानं तिसरी फळी आणत. आम्ही भाचरं सुट्टीत तिथेच पडीक असायचो, त्यामुळे यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण आता सांगते ती गोष्ट माझ्या जन्माआधीची. मावशीनं स्वतः सांगितली, आणि मला वाटतं ती पुढे जी कोण झाली ती त्या गोष्टीमुळे झाली.

एक्सचेंजला लागूनच फोन करायला येणाऱ्यांसाठी एक दालन होतं. काउंटर, बाकं, आणि काचेच्या दारांच्या केबिनी. तिथे एक शिंपीणबाई येत. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा जर्मनीत कारखान्यात कामाला. एकदा त्यांनी कॉल लावला तर मुलगा पाळीवर गेलेला, आणि फोनवर त्याची घरमालकीण. तिला जर्मनखेरीज काही येईना, शिंपीणबाईंना जर्मन येईना. त्यांनी काकुळतीनं ऑपरेटरला हाक मारली, “अहो बाई, ही काय म्हणते तेवढं सांगा ना हो!” लाइनीवर मावशी होती. मोठ्या बाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. मावशीनं तोंड घातलं.

तोवर तिला जर्मन बऱ्यापैकी कळू लागलं होतं. मालकीण म्हणाली की थंडी सरली की तो घरी येईल, ‘एव्हेन्टुएल’. हा शब्द मावशीला नवा होता, पण ओळखीचा वाटला. शाळेत इंग्रजी झालं होतं. ‘इव्हेंच्युअली’, म्हणजे शेवटी, अखेरीस. तिनं सांगून टाकलं, “थंडी सरली की येतोय म्हणतात. वेळ लागेल, पण येणार.”

शिंपीणबाई केबिनीतच रडल्या. घरी जाऊन त्यांनी त्याच्या खोलीला रंग काढला. त्याचं जुनं माप त्यांना पाठ होतं. आता कारखान्यात खांदे भरले असतील म्हणून अंदाजानं थोडं वाढवून त्यांनी त्याच्यासाठी कोट शिवला. थंडी सरली. त्या स्टेशनवर जाऊन उभ्या राहू लागल्या. गाड्या आल्या, गाड्या गेल्या.

एके दुपारी त्या काउंटरवर आल्या. “ज्या बाईनं मला सांगितलं तिला बोलवा.”

काउंटरवरचा कारकून म्हणाला, आत इतक्या जणी, कोण ते कसं कळणार? मोठ्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे कुणी लाइनीवर बोलत नाही, नियमच आहे. मावशीच्या कानावर हे सगळं आलं.  तिनं आधी जर्मनीची लाइन मागितली आणि तिकडच्या ऑपरेटरला विचारलं, एव्हेन्टुएल म्हणजे नक्की काय? पलीकडची हसली. “म्हणजे जमलं तर. कदाचित. का गं?”

मावशीनं हेडफोन काढून ठेवला. ती गप्प बसली असती तर कुणालाही कळलं नसतं. पण ती खुर्चीवरून उतरली, सगळ्या खोलीतून चालत बाहेरच्या दालनात गेली आणि बाकावर बसलेल्या शिंपीणबाईंसमोर उभी राहिली.

“मीच ती. माझी चूक झाली. ती ‘येणारच’ म्हणाली नव्हती. ‘जमलं तर येईल’ म्हणाली होती.”

 शिंपीणबाई म्हणाल्या, “सबंध थंडी मी आनंदात काढली. ती आता परत मागायला आलीस का?”

  मोठ्या बाईंनी तिला बोर्डावरून उठवून चौकशीच्या टेबलावर बसवलं, नंबर सांगायला. तिनं तक्रार केली नाही. फक्त एक मागणं मागितलं. शिंपीणबाईंच्या मुलाचा सुट्टीचा दिवस कळला की त्या दिवशीचा कॉल आपण स्वतः जोडायचा. मोठ्या बाईंनी भुवया चढवल्या, पण हो म्हटलं. त्या दिवशी मायलेक थेट एकमेकांशी बोलले. मुलाला आई स्टेशनवर उभी होती हे ठाऊकच नव्हतं; रजा नक्की नव्हती म्हणून त्यानं मोघम निरोप ठेवला होता. तो आला पुढच्या उन्हाळ्यात. कोट त्याला खांद्यांत घट्ट झाला. शिंपीणबाईंनी तो उसवला, आणि मावशीला चहाला बोलावून तिच्यासमोरच पुन्हा शिवला.

मावशी म्हणायची, “अनोळखी शब्दापाशी माणूस आपणहून थांबतो. चौकशी करतो. ओळखीचा वाटला की थेट घरात घेतो, आणि फसतो.” तेव्हापासून तिला एक सवय लागली. समोरचा बोलला की ती विचारायची, “म्हणजे कसं? दुसऱ्या शब्दांत सांगा.” घरीसुद्धा. “भूक लागली” म्हटलं तरी, “म्हणजे कसं?” काका वैतागत. “म्हणजे पोटात काही नाही असं, बाई!”

एव्हेन्टुएलचं मूळही तिनं शोधून काढलं होतं. लॅटिनमध्ये ‘बाहेर येणं, घडणं’. जर्मनानं धरलं ‘घडलंच तर’, इंग्रजानं धरलं ‘घडून घडून शेवटी’. “आणि आपलं तरी काय वेगळं?” ती म्हणायची. “‘येईल तो’ असं मान हलवून म्हटलं तर एक, खांदे उडवून म्हटलं तर दुसरं.”

तिच्या फळ्यांवरच्या शब्दांकडे ती भावकीसारखी बघे. सख्खे, चुलत, भांडून वेगळे निघालेले, आणि नुसतेच सारख्या चेहऱ्याचे. या शेवटच्यांचा प्रसाद तिच्या मुलाला, म्हणजे माझ्या मावसभावाला मिळाला. तो नळकाम करतो. नवीन लागला तेव्हा त्यानं एका इटालियन कुटुंबाकडे इटलीहून आलेले नळ बसवले आणि ‘सी’ अक्षराचा नळ थंड पाण्याला जोडला, कारण इंग्रजीत ‘कोल्ड’. इटालियनमध्ये ‘काल्दो’ म्हणजे गरम. गरम पाण्यासाठी ‘सी’चा नळ उघडलेले घरचे आजोबा गारठून उघडेबंब उड्या मारत बाहेर आले. मावशी हसली नाही. म्हणाली, “हे दोघं नातेवाईकसुद्धा नाहीत रे. तोंडवळ्यावर गेलास.” मग आत जाऊन पोट धरून हसली.

काकांचाही एक किस्सा आहे. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी तिला एक खोकं दिलं आणि विचारलं, “हे गिफ्ट कुठल्या भाषेतलं, ओळख.” ते अधूनमधून तिच्या फळीवरची पुस्तकं चाळत, हे तिला तोवर माहीत नव्हतं. इंग्रजीत गिफ्ट म्हणजे भेट. जर्मनमध्ये तीच अक्षरं म्हणजे विष. डॅनिशमध्ये विषही आणि लग्न झालेला माणूसही. “माझ्यापुरतं बोलायचं तर डॅनिश,” काका म्हणाले, “दोन्ही अर्थांनी.”

मावशीनं खोकं उघडलं. आत शब्दकोश होता. “सगळ्याच्या मुळाशी ‘देणं’ आहे हो,” ती म्हणाली. “भेट देतात. औषधाचा डोस देतात, तसंच विषही देतात. आणि आपण नाही का म्हणत, मुलगी कुठे दिली?”

“मला दिली तेव्हा मला कुणी विचारलं नाही,” काका म्हणाले. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि दोघंही धावले.

पुढे लोक आपापल्या घरून थेट नंबर फिरवू लागले. बोर्ड उतरवले गेले, कॉर्ड भंगारात गेल्या, मुलींना इकडेतिकडे वाटून टाकलं. मावशी बंदराजवळच्या इस्पितळात दुभाषी म्हणून गेली. जहाजांवरची माणसं तिथे यायची, पाय मोडलेली, ताप चढलेली. महिनोन्महिने पडून राहणाऱ्या खलाशांकडून ती भाषा शिकली. तिचं रशियन अशाच एका बोटीवरच्या, पाय मोडलेल्या स्वयंपाक्याकडून आलेलं आहे. त्यामुळे तिला पातेल्यांची नावं आधी आली आणि नातेवाइकांची नंतर.

डॉक्टर तिला मानत, कारण ती कधी घाई करत नसे. एकदा एक स्पॅनिश खलाशी स्वतःबद्दल ‘कोन्स्तिपादो’ म्हणाला. शिकाऊ डॉक्टरांनी ते इंग्रजीतलं ‘कॉन्स्टिपेटेड’, म्हणजे पोट साफ होत नाही, असं समजून जुलाबाचं औषध लिहायला पेन उघडलं. मावशी म्हणाली, “एक मिनिट. तुंबलंय एवढं खरं. कुठे, ते विचारते.” खलाशानं नाकाकडे बोट दाखवलं. स्पॅनिशमध्ये त्या शब्दाचा अर्थ सर्दी. शिकाऊ डॉक्टर इतके हसले की त्यांनी पुढे वर्षानुवर्षं हा किस्सा स्वतःच सांगितला.

आणि आता वृद्धाश्रमाची गोष्ट. यात मी हजर होते.

मावशी तेव्हा निवृत्त झाली होती, काका गेले होते, आणि गुडघे कुरकुरत असल्यानं मी तिला गाडीतून सगळीकडे न्यायची. एके दिवशी गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमातून फोन आला. तिथे एक म्हाताऱ्या बाई राहत. मूळच्या रशियन, जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या. पक्षाघाताचा झटका आल्यापासून नंतर शिकलेली इथली भाषा त्यांच्या डोक्यातून पुसून गेली होती. उरली होती फक्त आईची भाषा. त्यांना सांभाळायला एक तरुण चेक मुलगी ठेवली होती. दोघींच्या भाषा एकाच घरच्या, तेव्हा दोघींचं बरं जमेल, असा व्यवस्थापिकेचा सरळ हिशेब.

पण बाईंनी जेवण टाकलं होतं. अंथरुणातून उठायला नकार देत होत्या. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, घसा ठीक, पोट ठीक. यांना यांच्या भाषेत कुणीतरी नीट विचारा. त्यातच बाईंची मुलगी आली आणि तिनं आकाशपाताळ एक केलं. ती म्हणत होती, ती चेक पोरगी माझ्या आईचा छळ करते, तिला हाकला.

आम्ही पोचलो तेव्हा ऑफिसात बाईंची मुलगी येरझाऱ्या घालत होती. “मी माझ्या कानांनी ऐकलंय,” ती मावशीला म्हणाली. “मी दाराबाहेर होते. ती आईला उचलताना म्हणते, ‘पझोर’. आमच्या भाषेत त्याचा अर्थ माहितेय? लाज! बदनामी! आईचं अंथरूण कधी ओलं होतं, म्हणून तिला रोज सकाळी लाज म्हणायची?”

कोपऱ्यात ती चेक मुलगी बसली होती. रुंद खांदे, लाल हात, रडून सुजलेले डोळे. इथली भाषा तिला मोडकीतोडकी येई; आपल्यावर आरोप काय आहे हेच तिला धड कळलं नव्हतं.

 मावशी आधी बाईंच्या खोलीत गेली. खिडकीशी पलंग, भिंतीवर पिवळा पडलेला नकाशा, तिपाईवर सूपचा वाडगा, वर साय धरलेली. मावशी खुर्ची ओढून बसली आणि हळू रशियनमध्ये बोलू लागली. मला काही कळत नव्हतं, तिनं ते नंतर सांगितलं. भूगोलाच्या बाई भिंतीकडे तोंड करूनच बोलू लागल्या. 

“तिचे हात प्रेमळ आहेत,” त्या म्हणाल्या, “आणि जीभ विषारी. अलगद उचलते आणि म्हणते, लाज! आंघोळ घालते, केस पुसते, आणि म्हणते, तुला घाण वास मारतोय. जेवले की ताटलीकडे बघून म्हणते, भयानक! मी विचार केला, मग जेवायचं कशाला? आणि उठायचं तरी कशाला?”

मावशीनं त्यांचा हात थोपटला आणि त्या मुलीला आत बोलावलं. ‘तू असं म्हणालीस का’ असं तिनं विचारलं नाही. ती पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, “सकाळी काय काय करतेस ते मला करून दाखव. मीच ती आजारी म्हातारी.”

बाईंची मुलगी दारात हाताची घडी घालून उभी. व्यवस्थापिका तिच्यामागे. चेक मुलीनं डोळे पुसले, वाकली, मावशीच्या काखेत हात घातले आणि तिला फुलासारखं उचललं. उचलताना सवयीनं तोंडातून निघालं, “पोझोर, पोझोर.”

पलंगावरच्या बाई दचकल्या. दारातली मुलगी पुढे आली. मावशीनं हातानं तिला थांबवलं.

“म्हणजे कसं? दुसऱ्या शब्दांत सांग.”

“म्हणजे,” मुलगी गोंधळून म्हणाली, “जपून. लक्ष द्या. पाय घसरेल.”

“आणि आंघोळ झाल्यावर?”

मुलीनं मावशीच्या केसांजवळ नाक नेलं. “वोनीते! असं म्हणते. म्हणजे छान वास येतोय. साबण मी माझ्या घरचा आणलाय त्यांच्यासाठी, फुलांचा.”

“आणि जेवण झालं की?”

“उझास्ने! म्हणजे… कमाल! काय मस्त! आमच्याकडे लहान मुलांनी सगळं संपवलं की म्हणतात तसं.”

 मावशी पलंगाकडे वळली आणि सावकाश, एकेक शब्द घेऊन, रशियनमध्ये सांगू लागली. चेकमध्ये पोझोर म्हणजे सांभाळून. वोनीते म्हणजे सुगंध. उझास्ने म्हणजे अप्रतिम. तुमच्या कानाला जे ऐकू येतं ते तुमचं आहे, तिचं नाही.

 भूगोलाच्या बाईंमधली शिक्षिका जागी झाल्यासारखी त्यांनी एक बोट वर केलं. “जुन्या रशियनमध्ये,” त्या म्हणाल्या, “पझोर म्हणजे लाज नव्हे. पझोर म्हणजे दृश्य. लोक ज्याच्याकडे बघतात ते. आमच्या म्हाताऱ्या गुरुजींनी सांगितलं होतं.” मावशीचा चेहरा असा उजळला की बस! त्या दोघी पाच मिनिटं आम्हाला विसरून, एकमेकींच्या तोंडातून शब्द काढून घेत बोलत राहिल्या. बघणं हे मूळ. चेक म्हणतो, बघ, लक्ष दे. रशियन म्हणतो, लोक बघतायत, म्हणजे लाज.

मावशीनं हे सगळं त्या चेक मुलीला सांगितलं. रोज सकाळी आपण काय बोलत होतो हे कळल्यावर ती पलंगाशी बसून हमसून हमसून रडू लागली. तेव्हा म्हाताऱ्या बाईंनी चांगला हात लांब केला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. मावशीला म्हणाल्या, “तिला सांग, शब्द बदलू नकोस. तिच्या आईनं शिकवलेत ते. मीच ऐकायला शिकते.” आणि वाडग्याकडे बघून, “पण हे सूप खरंच भयानक आहे. गार झालंय. दुसरं आणा.”

बाईंची मुलगी अजून दारातच होती. “मी दाराबाहेरून ऐकत राहिले,” ती चेक मुलीला म्हणाली. “आत यायला हवं होतं.” आणि तीच वाडगा उचलून स्वयंपाकघरात गेली.

परत येताना गाडीत मी मावशीला विचारलं, एकाच घरचे शब्द इतके कसे गं बिघडतात?

“बिघडत नाहीत. लग्नं होऊन वेगवेगळ्या घरी जातात,” ती म्हणाली. “आपलंच बघ. शोभा म्हणजे काय?”

“सौंदर्य.”

“आणि चारचौघांत माझी शोभा केलीस म्हटलं तर?”

मी हसले.

“वास चांगला की वाईट? फुलाला वास येतो. पण दुधाला वास येतोय म्हटलं की ओतून देतेस. आणि परवा तो सिनेमा तुला कसा आवडला म्हणालीस?”

“भयंकर आवडला,” मी म्हटलं, आणि सिग्नल हिरवा झालेला मला दिसलाच नाही. मागून हॉर्न वाजले.

ती चेक मुलगी तिथेच राहिली. बाईंनी तिला रशियन नद्या शिकवल्या, तिनं बाईंना गोधडी शिवायला लावलं. त्या पुढे बरीच वर्षं जगल्या. गेल्या तेव्हा त्यांच्या मुलीनं भिंतीवरचा तो नकाशा चेक मुलीला दिला. वृद्धाश्रमानं मावशीला दर महिन्याला नवीन माणसांशी बोलायला बोलावणं सुरू केलं. ती भाषण देत नसे. दोघादोघांना समोरासमोर बसवायची आणि म्हणायची, आपापल्या भाषेत एकमेकांचं कौतुक करा, मग बघू कोण चिडतं ते. हसून हसून मुरकुंडी वळायची, आणि त्या हसण्यात माणसं जे शिकायची ते विसरायची नाहीत.

मला ती मोठी वाटते ती तिला किती भाषा येत होत्या म्हणून नव्हे. तिच्याहून जास्त भाषा येणारे मी पाहिलेत. पण माणूस आपल्याला लागेल असं काही बोलला, की त्याला ते खरंच म्हणायचं होतं का, हे आधी तपासून बघण्याइतका धीर मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. आमच्या घरातली निम्मी भांडणं तिनं अशी सुरू होण्याआधीच मिटवली, आणि तीही सगळी एकाच भाषेतली.

आता ती थकली आहे. खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यासाठी एक पोर्तुगीज फिजिओथेरपिस्ट घरी येतो. अर्थात मावशीनं त्याच्याकडून पोर्तुगीज शिकायला घेतलं. गेल्या आठवड्यात त्यानं आपल्या आईनं केलेला केक आणला. मावशीनं एक तुकडा तोंडात टाकला, स्पॅनिशच्या भरवशावर डोळे मिटून म्हणाली, “एस्किझितू!” स्पॅनिशमध्ये तो शब्द लाजवाब चवीसाठी. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ विचित्र. त्या पोराचा चेहरा पडला. मग त्याला उमगलं, त्यानं तिथल्या तिथे आईला व्हिडिओ कॉल लावला आणि सगळा प्रकार सांगितला. पडद्यावरची बाई तोंडावर पदर घ्यावा तसा हात घेऊन हसली. म्हणाली, त्यांना सांग, केक विचित्रच झालाय, मी साखरेऐवजी डब्यातलं भलतंच काहीतरी घातलं होतं.

मावशीनं दुसरा तुकडा उचलला आणि तिला विचारलं, “भलतंच म्हणजे काय घातलंत?”